ओळ दाखवा : मेडिकल कोडिंगच्या ऑडिटमध्ये डॉक्टरांची नोंद कशी वाचावी

ऐरोली-महापे पट्ट्यात मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे रुग्णाच्या चार्टवरून बिलासाठी निदानाचे आणि उपचारांचे कोड लावण्याच्या कामात, तीन-चार वर्षं काढली की एक दिवस टीएल, म्हणजे टीम लीडर, खुर्चीशी येऊन सांगतो, ‘पुढच्या महिन्यापासून तू क्यूएला.’ क्यूए म्हणजे कोडची तपासणी, ऑडिट. पगार थोडा वाढतो, डेस्क तेच राहतं, काम मात्र मुळापासून बदलतं. कालपर्यंत चार्ट वाचून कोड लावायचा होता. आता शेजारी बसणाऱ्याने लावलेला कोड बरोबर की चूक हे ठरवायचं असतं, आणि त्या ठरवण्यावर त्याचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह अवलंबून असतो. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने माझ्यासोबत येणाऱ्या नव्या ऑडिटर मुलामुलींना मी वाटेत जे सांगत आले, ते इथे नीट क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं अमेरिकन चार्टची आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक कामच ते आहे.

सगळ्याच्या मुळाशी माझी एकच कसोटी आहे. प्रत्येक कोडसाठी चार्टमधली एक ओळ आणि गाइडलाइनमधली, म्हणजे कोडिंगच्या अधिकृत अमेरिकन नियमांमधली, एक ओळ बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. कोडरला ती दाखवता आली नाही, तर कोड चुकला. ऑडिटरला दाखवता आली नाही, तर एरर लावायचा अधिकार नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही ओळ शोधण्याच्या आहेत.

चार्ट उघडण्याआधी

आधी तारीख बघा. आयसीडी-१०-सीएम, म्हणजे निदानांच्या कोडची यादी, अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ला लागू झालं आणि दर १ ऑक्टोबरला त्यात भर पडते. अलीकडे १ एप्रिललाही काही बदल येतात. सीपीटी, म्हणजे व्हिजिट आणि उपचारांच्या कोडची यादी, १ जानेवारीला बदलतं. आउटपेशंटला, म्हणजे ॲडमिट न झालेल्याला, सेवेची तारीख धरायची, इनपेशंटला, म्हणजे ॲडमिट झालेल्याला, डिस्चार्जची. हा घोळ कसा होतो ते सांगते. लठ्ठपणाच्या वर्गांचे स्वतंत्र कोड, ई६६.८११ ते ई६६.८१३, १ ऑक्टोबर २०२४ पासून आले. ३० सप्टेंबरच्या व्हिजिटला ‘क्लास २ ओबेसिटी’ लिहिलेलं असलं, तरी त्या दिवशी तो कोड अस्तित्वातच नव्हता. डिसेंबरमध्ये ऑडिट करताना आपल्या स्क्रीनवरच्या टूलमध्ये नवा कोड दिसतो, आणि बिचाऱ्या कोडरवर ‘स्पेसिफिसिटी’चा, म्हणजे पुरेसा नेमका कोड न दिल्याचा, एरर पडतो. टूलमध्ये तारीख बदलून बघायला दहा सेकंद लागतात.

मग सेटिंग. आउटपेशंट, इनपेशंट, इमर्जन्सी, आणि बिल हॉस्पिटलचं की डॉक्टरच्या फीचं. एकाच वाक्याचा अर्थ यावरून उलटा होतो, ते पुढे येईलच.

तिसरं, क्लायंटच्या सूचना. त्यांची आणि ऑफिशियल गाइडलाइनची गल्लत करू नका. क्लायंट ‘अमुक गोष्ट रिपोर्ट करू नका’ म्हणाला असेल तर ती प्रोजेक्टची अट झाली. फाइंडिंग लिहिताना तसंच लिहा, गाइडलाइनचं नाव पुढे करू नका.

आणि घरून काम करत असाल तर स्क्रीन भिंतीकडे. एक खोली-किचनच्या घरात हे अवघड जातं हे मला माहीत आहे, पण अमेरिकेच्या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेसाठीच्या १९९६च्या हिपा कायद्यापुढे घराचा आकार हे कारण होत नाही. शंका विचारायला चार्टचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर कधीच नको. शंका स्वतःच्या शब्दांत लिहा.

कोडरचे कोड झाकून वाचा

ही सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या, नंतर लागत नाही. कोड आधी दिसला की डोळा त्याचा पुरावा शोधायला लागतो, आणि शोधणाऱ्याला पुरावा सापडतोच. म्हणून कोडची विंडो बंद ठेवा, चार्ट वाचा, आपले कोड वेगळ्या शीटमध्ये लिहा, आणि मगच समोरासमोर ठेवा.

वाचायचा माझा क्रम असा. आधी नोटचं डोकं आणि शेपूट: रुग्ण तोच, तारीख तीच, सही आहे, सहीवर पदवी आहे, नंतर जोडलेलं ॲडेंडम आहे का. सही नसलेल्या नोटवर कितीही सुंदर निदान असलं तरी ऑडिट तिथेच थांबतं. मग असेसमेंट आणि प्लॅन, कारण डॉक्टरांचं आजचं मत तिथे असतं. त्यानंतर एचपीआय, म्हणजे रुग्ण कशासाठी आला. मग तपासणी, लॅब, औषधं. प्रॉब्लेम लिस्ट सगळ्यात शेवटी, आणि तिच्याकडे संशयानेच बघायचं. ती यादी वर्षानुवर्षं कोणी साफ केलेली नसते. यादीत सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, पण आजच्या नोटमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही, औषध नाही, तपासणी नाही, तर आजच्या व्हिजिटला तो आजार डॉक्टरांनी हाताळला असं म्हणायला आधार काय? रिस्क ॲडजस्टमेंटच्या, म्हणजे रुग्णांच्या आजारांवरून विमा योजनेला मिळणारे पैसे ठरवण्याच्या, प्रोजेक्टमध्ये यासाठीच ‘मीट’ शिकवतात: देखरेख, मूल्यमापन, निदानाचा विचार, उपचार, यातलं किमान एक तरी दिसलं पाहिजे. हे सूत्र उद्योगाने ठरवलेलं आहे, ऑफिशियल गाइडलाइनमध्ये तो शब्द नाही. तेव्हा फाइंडिंगमध्ये ‘मीट नाही’ एवढंच लिहून थांबू नका.

शितावरून भाताची परीक्षा चार्टच्या बाबतीत चालत नाही. पूर्ण वाचा.

आहे, असावा, होता

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. डॉक्टरांचं इंग्रजी वाक्य मनात साध्या मराठीत बोलून बघा आणि शेवटी कोणतं क्रियापद येतं ते पकडा. मराठीत आपण न कळत हा फरक दिवसभर करतो, आणि इंग्रजी नोट वाचताना नेमका तोच निसटतो.

‘न्यूमोनिया’ एवढंच लिहिलंय: न्यूमोनिया आहे. ‘प्रॉबेबल न्यूमोनिया’, ‘सस्पेक्टेड’, ‘कन्सिस्टंट विथ’, ‘वर्किंग डायग्नोसिस’: न्यूमोनिया असावा. ‘रूल आउट न्यूमोनिया’: न्यूमोनिया नाही ना, ते बघू. ‘न्यूमोनिया रूल्ड आउट’: नाही, हे ठरलं. शेवटच्या दोघांत इंग्रजीत जेमतेम एका अक्षराचा फरक आहे आणि अर्थ विरुद्ध. ‘ध’चा ‘मा’ व्हायला इथे आनंदीबाई लागत नाही, थकलेले डोळे पुरतात.

गाइडलाइन काय म्हणते? आउटपेशंटला, सेक्शन चारच्या ‘एच’ कलमाप्रमाणे, ‘असावा’ आणि ‘बघू’ या घरातला आजार कोड होत नाही. जे ठाम माहीत आहे ते कोड होतं, म्हणजे खोकला, ताप, छातीत दुखणं. इनपेशंट हॉस्पिटल बिलाला, सेक्शन दोनच्या ‘एच’ कलमाप्रमाणे, डिस्चार्जच्या वेळीही ‘असावा’ असंच मत असेल तर तो ‘आहे’ धरून कोड करतात. एचआयव्ही आणि कोविड-१९ सारखे मोजके आजार याला अपवाद. त्यांना खात्रीच लागते. ‘डिस्चार्जच्या वेळी’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या प्रोग्रेस नोटमध्ये ‘पॉसिबल पीई’ (फुप्फुसात रक्ताची गुठळी) होतं, स्कॅन स्वच्छ आला आणि पुढे कोणी त्याचं नाव काढलं नाही, तर तो शब्द संपला. आणि अजून एक खाच: त्याच ॲडमिट रुग्णाला बघणाऱ्या डॉक्टरच्या फीचं बिल कोड करत असाल, तर तिथे आउटपेशंटचाच नियम लागतो. हॉस्पिटलचे चार्ट करून प्रो-फीकडे, म्हणजे डॉक्टरच्या फीच्या बिलांकडे, आलेले कोडर इथे हमखास पडतात.

आता ‘होता’. ‘हिस्टरी ऑफ’ हा शब्द दोन्ही अर्थांनी येतो. ‘हिस्टरी ऑफ डायबेटिस, मेटफॉर्मिन चालू’ याचं मराठी ‘मधुमेह होता’ असं कोणी करणार नाही. आपण म्हणू, ‘पूर्वीपासून मधुमेह आहे.’ उलट ‘हिस्टरी ऑफ ब्रेस्ट कॅन्सर, २०१६ला मास्टेक्टमी, सध्या कुठलाही उपचार नाही’ हे स्पष्ट ‘होता’ आहे आणि त्याचा कोड झेड८५.३. कॅन्सर काढून झाला पण केमो किंवा रेडिएशन त्याच कॅन्सरवर चालू आहे, तर तो अजून ‘आहे’ मध्येच. स्ट्रोकचंही तसंच. आय६३ची मालिका चालू झटक्याची. महिन्यांनंतर फॉलो-अपला आलेल्या, काहीही व्यंग न उरलेल्या रुग्णाला झेड८६.७३, अशक्तपणा किंवा बोलण्यात अडथळा उरला असेल तर आय६९ची मालिका. क्लिनिकच्या चार्टवर आय६३.९ दिसला की मी थांबतेच. झटका आलेला माणूस रक्तदाब तपासायला रांगेत बसत नाही.

कोणी लिहिलं

निदान डॉक्टरने, किंवा निदान करण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्या नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट अशा प्रोव्हायडरने लिहिलेलं हवं. इतरांच्या नोंदीतून काही ठरावीक गोष्टीच घेता येतात, आणि त्यांची यादी सेक्शन एकच्या ‘बी’ भागात चौदाव्या कलमात आहे: बीएमआय, प्रेशर अल्सरची स्टेज, कोमा स्केल, स्ट्रोक स्केल, डावं-उजवं, रुग्णाची सामाजिक परिस्थिती वगैरे. डाएटिशियनने बीएमआय ४२ लिहिला तर आकडा घ्या. पण लठ्ठपणा हे निदान प्रोव्हायडरचंच असलं पाहिजे. नर्सने ‘स्टेज ३’ लिहिलं तर स्टेज घ्या, पण प्रेशर अल्सर आहे हे प्रोव्हायडरने म्हटलेलं हवं.

पॅथॉलॉजी रिपोर्टवरून भांडणं फार होतात. आउटपेशंटला, डॉक्टरने वाचलेला अंतिम रिपोर्ट कोडिंगच्या वेळी हातात असेल तर त्यातलं पक्कं निदान कोड होतं. इनपेशंटला होत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते आपल्या नोटमध्ये घेतलं पाहिजे. एक्स-रेचा मात्र एक उपयोग दोन्हीकडे आहे: डॉक्टरने फ्रॅक्चर लिहिलंय आणि जागा मोघम आहे, तर नेमकी जागा रेडिओलॉजी रिपोर्टमधून घेता येते.

आकडा म्हणजे निदान नव्हे

आपल्या भागातल्या टीममध्ये बीएचएमएस, बीएएमएस, फिजिओथेरपी, फार्मसी, नर्सिंग झालेली मंडळी खूप. त्यांना शरीर कळतं, आणि हीच त्यांची मोठी ताकद आहे. पण ऑडिटला बसल्यावर तीच ताकद आडवी येते. माझ्या टीममधली एक बीएचएमएस मुलगी दर आठवड्याला ‘ॲनिमिया मिस’ म्हणून एरर लावायची. हिमोग्लोबिन ७.९ आहे, रक्त चढवलंय, आणखी काय हवं? तिचं वैद्यक बरोबर होतं. पण सेक्शन तीनच्या ‘बी’ कलमात स्वच्छ लिहिलंय की लॅबमधली बिघडलेली नोंद, तिचं महत्त्व प्रोव्हायडरने सांगितल्याशिवाय कोड होत नाही. रक्त चढवलेलं दिसतं आणि निदान लिहिलेलं नाही, तर ती जागा क्वेरीची, म्हणजे डॉक्टरला लेखी विचारण्याची. कोडरने क्वेरी पाठवली नाही, असा एरर लावता येईल. ॲनिमिया कोड केला नाही, असा नाही. दोन वाक्यं जवळजवळ सारखी वाटतात, पण त्यातलं एक न्यायाचं आहे.

याची उलट बाजूही बघा. क्रिएटिनिन १.० वरून १.२ झालं आणि डॉक्टरने ‘एकेआय’ (मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा) लिहिलं. केडिगो या मूत्रपिंडविकारांच्या मार्गदर्शक संस्थेच्या क्रिएटिनिनच्या निकषाप्रमाणे ४८ तासांत ०.३ ची वाढ लागते, किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट. इथे दोन्ही नाही. कोडरने एकेआयचा एन१७.९ लावला. चूक? नाही. सेक्शन एकच्या ‘ए’ भागातलं एकोणिसावं कलम सांगतं की आजार आहे असं प्रोव्हायडरने म्हणणं कोडसाठी पुरेसं आहे. निदानाला वैद्यकीय आधार आहे का, हा क्लिनिकल व्हॅलिडेशनचा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची वेगळी वाट आहे. त्या वाटेने जरूर पाठवा, कारण पैसे देणारी विमा कंपनी हाच आकडा धरून क्लेम नाकारणार आहे. कोडरच्या गुणांना मात्र हात लावू नका.

एक चार्ट जवळून

हा चार्ट मी सरावासाठी रचला आहे, खऱ्या रुग्णाचा नाही.

स्त्री, वय ६८, ऑफिसमध्ये फॉलो-अप. एचपीआय: टाइप २ डायबेटिस, मेटफॉर्मिन घेते, उपाशीपोटी साखर १५० ते १८०. गेल्या वर्षी सीव्हीए (स्ट्रोक), हातापायांत अशक्तपणा उरलेला नाही. चार दिवस खोकला. लॅब: ए-वन-सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४, ईजीएफआर (मूत्रपिंडाचं काम मोजणारा आकडा) ५२, हिमोग्लोबिन १०.२. असेसमेंट आणि प्लॅन: एक, टाइप २ डायबेटिस, पुअरली कंट्रोल्ड, मेटफॉर्मिन वाढवलं. दोन, हायपरटेन्शन, स्टेबल, लिसिनोप्रिल चालू. तीन, सीकेडी (मूत्रपिंडाचा जुनाट आजार) स्टेज ३ए, तीन महिन्यांनी पुन्हा लॅब. चार, सीव्हीए. पाच, खोकला, रूल आउट न्यूमोनिया, छातीचा एक्स-रे.

कोडरने दिलं: ई११.९ (गुंतागुंत नसलेला मधुमेह), आय१० (उच्च रक्तदाब), एन१८.३१ (सीकेडी ३ए), आय६३.९ (चालू स्ट्रोक), जे१८.९ (न्यूमोनिया), डी६४.९ (ॲनिमिया) आणि व्हिजिटला ९९२१५ ही सगळ्यात वरची पातळी.

आता एकेक. डायबेटिस आणि सीकेडी दोन्ही एकाच नोटमध्ये आहेत. डॉक्टरने ‘मधुमेहामुळे’ असं म्हटलेलं नाही, तरी ‘विथ’ या शब्दाचा नियम इथे लागतो: इंडेक्समध्ये डायबेटिसखाली ‘विथ’ च्या यादीत किडनीचा आजार आहे, तेव्हा संबंध गृहीत धरायचा, डॉक्टरने स्पष्ट नाकारला नसेल तर. म्हणून ई११.२२. हायपरटेन्शन आणि सीकेडीलाही तोच न्याय, म्हणून आय१० जाऊन आय१२.९. एन१८.३१ बरोबर, कारण स्टेज डॉक्टरने लिहिली आहे. ईजीएफआर ५२ बघून आपण ठरवलेली नाही.

‘पुअरली कंट्रोल्ड’ हा शब्द सोडू नका. इंडेक्स त्याला हायपरग्लायसेमियाकडे पाठवतो, म्हणून ई११.६५ ही हवा. डॉक्टरने ‘अनकंट्रोल्ड’ लिहिलं असतं तर? मग अडलो असतो, कारण साखर वर गेली की खाली गेली हे तो शब्द सांगत नाही. इंडेक्सही दोन्हीकडे बोट दाखवतो. ए-वन-सी ८.४ बघून आपण ओळखू शकतो, पण ओळखणं हे आपलं काम नाही. क्वेरी. मेटफॉर्मिनसाठी झेड७९.८४ सुटला आहे.

सीव्हीए असेसमेंटमध्ये एकटाच शब्द आहे, पण एचपीआयमध्ये ‘गेल्या वर्षी’ आणि ‘अशक्तपणा उरलेला नाही’ आहे. ‘होता’. झेड८६.७३. न्यूमोनिया ‘बघू’ या घरातला, आउटपेशंट, म्हणून गेला, खोकला राहिला. चार दिवसांचा म्हणजे ॲक्यूट, म्हणून आर०५.१ द्यावा असं वाटेल. डॉक्टरने ‘ॲक्यूट’ म्हटलेलं नाही, आर०५.९. हिमोग्लोबिनबद्दल डॉक्टर गप्प आहेत, डी६४.९ गेला.

व्हिजिटची पातळी. १ जानेवारी २०२१ पासून ऑफिस व्हिजिट मेडिकल डिसिजन मेकिंगवर किंवा एकूण वेळेवर ठरते. वेळ लिहिलेली नाही, म्हणून पहिलं. तीन खांब: प्रश्नांची गुंतागुंत, डेटा, जोखीम, तिन्हींपैकी दोन जुळले पाहिजेत. मधुमेह उद्दिष्टापर्यंत पोचलेला नाही, म्हणजे सीपीटीच्या व्याख्येत तो ‘स्टेबल’ नाही. शिवाय दोन जुने आजार. प्रश्न मॉडरेट. औषधाचा डोस बदलला, जोखीम मॉडरेट. इथेच ९९२१४, म्हणजे एक पातळी खालचा कोड, ठरला. डेटा मोजायची गरज उरली नाही, पण मोजलाच तर जपून: या लॅब मागच्या व्हिजिटला याच डॉक्टरने सांगितल्या असतील, तर त्या तेव्हाच मोजून झाल्या. ९९२१५ साठी जीवाला धोका किंवा तीव्र बिघाड अशी ओळ लागते. शोधून बघा, चार्टमध्ये ती नाही.

नोट स्वतःशीच भांडत असेल तेव्हा

इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डमध्ये टेम्पलेट आणि कॉपी-पेस्ट यांनी वाचणाऱ्याची परीक्षा घेतली आहे. गुडघ्याखाली पाय काढलेला रुग्ण आणि तपासणीत ‘दोन्ही पावलांची नाडी व्यवस्थित’. एचपीआयमध्ये खोकला, आणि खालच्या यादीत ‘श्वसन: तक्रार नाही’. चार दिवस लागोपाठ ‘शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस’. बोलून टाइप केलेल्या नोटमध्ये हायपोथायरॉइडचं हायपरथायरॉइड झालेलं. औषध लेव्होथायरॉक्सिन असेल तर आपल्याला कळतं काय म्हणायचं होतं, पण दुरुस्ती डॉक्टरनेच करायची.

आधी बघा की विसंगती कोडवर परिणाम करते का. करत नसेल तर नोंद करून पुढे जा. वेळ तिथे घालवू नका. करत असेल तर कोणती बाजू बरोबर हे आपण ठरवायचं नाही. दोन डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर क्वेरी मुख्य उपचार करणाऱ्या डॉक्टरला, म्हणजे अटेंडिंगला जाते. संक्षेपांचंही असंच. ‘एमएस’ म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मायट्रल स्टेनोसिस की मॉर्फिन, हे आजूबाजूची वाक्यं सांगतात. सांगत नसतील तर अंदाज नको.

फ्रॅक्चरच्या कोडचं सातवं अक्षरही इथेच सांगून टाकते, कारण त्यात शब्द फसवतात. ‘ए’ला ‘इनिशियल’ म्हणतात म्हणून लोक पहिल्या व्हिजिटलाच लावतात. सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ‘ए’च, डॉक्टर नवा असला तरी.

क्वेरी

न्यू यॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. आपण विचारलेला प्रश्न डॉक्टर वाचतील तेव्हा आपण घरी पोचलेलो असतो. उलट विचारायला कोणी नसतं, म्हणून क्वेरी एकटी उभी राहील अशी लिहा.

‘युरोसेप्सिस’ घ्या. या शब्दाला आयसीडी-१०-सीएममध्ये कोडच नाही आणि गाइडलाइन स्पष्ट सांगते की प्रोव्हायडरला विचारा. वाईट क्वेरी अशी असते: ‘रुग्णाला सेप्सिस आहे असं कृपया लिहाल का?’ उत्तर तोंडात घातलंय. चांगल्या क्वेरीत आधी चार्टमधली चिन्हं तारखेसह येतात: ताप, नाडी, पांढऱ्या पेशी, लॅक्टेट, कल्चर, दिलेली अँटिबायोटिक्स. मग प्रश्न: ‘“युरोसेप्सिस” या शब्दाने आपल्याला काय अभिप्रेत आहे?’ मग पर्याय: मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे सेप्सिस; मूत्रमार्गाचा संसर्ग, सेप्सिस नाही; इतर; सांगता येत नाही. पैशाचा, डीआरजीचा (हॉस्पिटलला मिळणारी रक्कम ठरवणारा गट), गुणवत्तेच्या आकड्यांचा उल्लेख कुठेही नाही. आहिमा आणि ॲकडिस या दोन संस्थांनी मिळून २०२२मध्ये सुधारलेलं क्वेरीचं मार्गदर्शन हेच सांगतं.

इतकी काळजी का, तर हा क्लेम सरकारी पैशाचा असू शकतो. अमेरिकेचा फॉल्स क्लेम्स ॲक्ट १८६३चा, त्यांच्या यादवी युद्धातला आहे, आणि आजही त्याच्याच आधाराने खोट्या क्लेमवर कारवाई होते. डॉक्टरच्या तोंडी आपण शब्द घातला हे दाखवता आलं, तर तो कागद आपल्याविरुद्ध जातो.

फाइंडिंग लिहिताना

‘कृपया काळजीपूर्वक वाचा’ हे फाइंडिंग नाही. तो टोमणा आहे. फाइंडिंगमध्ये कोडरचा कोड, आपला कोड, चार्टमधली ओळ पान आणि तारखेसह, गाइडलाइनचं कलम. वरच्या चार्टचं एक नमुन्यादाखल: ‘आय६३.९ ऐवजी झेड८६.७३. एचपीआय, पान १: गेल्या वर्षी सीव्हीए, अशक्तपणा उरलेला नाही. सेक्शन एक, सी भाग, प्रकरण ९, स्ट्रोकचा इतिहास.’ कोडरला हे वाचून चार्ट पुन्हा उघडावाही लागू नये.

मोजणीची पद्धत आधीच लेखी ठरवून घ्या. वीस चार्ट, १२० कोड, सहा चुका. कोडप्रमाणे मोजलं तर ९५ टक्के, पास. त्या सहा चुका सहा वेगवेगळ्या चार्टमध्ये असतील आणि चार्टप्रमाणे मोजलं तर ७० टक्के, नापास. काम तेच, माणूस तोच. महिन्याच्या मध्यात पद्धत बदलणं हा अन्याय आहे आणि मी तो होऊ देत नाही. कमी कोडिंगचा एररही जास्त कोडिंगइतक्याच गंभीरपणे लावा. फक्त पैसे वाढवणाऱ्या चुका शोधणारा ऑडिटर अर्धंच वाचतो.

रिबटल, म्हणजे आपल्या एररवर कोडरची हरकत, आला तर आधी खूश व्हा. कोडरने चार्ट पुन्हा वाचला आहे. त्याने दाखवलेली ओळ खरी असेल तर एरर त्याच दिवशी मागे घ्या आणि शीटवर तसं लिहा.

एक गोष्ट माझ्याकडून झाली ती सांगते. मी क्यूएला आल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत एका इनपेशंट चार्टमध्ये एन१७.० ला, म्हणजे एटीएन या मूत्रपिंडाच्या नलिकांच्या इजेच्या कोडला, आधार नाही म्हणून मोठा एरर लावला होता. डिस्चार्ज समरीत फक्त ‘एकेआय’ होतं, मी ती वाचली आणि चार्ट बंद केला. कोडरने रिबटल दिला तोपर्यंत मुदत टळली होती; त्याच्या घरी आजारपण चाललं होतं. त्याचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला तो गेलाच, मी लिहून दिलं तरी परत आला नाही. मग एका दुपारी तो माझ्या डेस्कशी आला आणि त्याने स्क्रीनवर चार्ट उघडला. लॅबच्या चाळीस पानांनंतर, पान ५३ वर, नेफ्रॉलॉजिस्टच्या सल्ल्यावरून अटेंडिंगने डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी जोडलेलं दोन ओळींचं ॲडेंडम होतं. ‘एटीएन’ पहिल्याच ओळीत.

तेव्हापासून एरर पक्का करण्याआधी मी चार्ट पुन्हा उघडते, थेट शेवटच्या पानावर जाते आणि तिथून वर वाचत येते.